सोसायटीच्या रात्रीच्या गस्तीत लायसन्सवालं रिव्हॉल्वर घेऊन फिरलेलं चालतं का?

धायरीचा_सेक्रेटरी

मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो. आमची सोसायटी धायरीत, तीन विंग, 84 फ्लॅट, मागे ओढा आणि त्या बाजूची कंपाउंडची भिंत बिल्डरने जेमतेम छातीएवढी बांधलेली. दिवाळीत लोक गावी गेले तेव्हा बी विंगमधले दोन फ्लॅट फुटले, कडी-कोयंडा तोडून, त्यानंतर पंधरा दिवसांत पार्किंगमधून एक बुलेट गेली. एफआयआर झाली, ठसेवाले येऊन गेले, पुढे शांतता. वॉचमन एकच आहे, साठीचा माणूस, रात्री दोननंतर खुर्चीत मान टाकतो, त्याला तरी काय बोलणार.

मग ग्रुपवर ठरलं की आपणच गस्त घालायची, रोज सहा जण, रात्री 12 ते 4. इथपर्यंत ठीक होतं. पण सी विंगमध्ये एक काका आहेत, वय 67, पूर्वी त्यांच्या धंद्यात रोकड घेऊन फिरावं लागायचं तेव्हापासून त्यांच्याकडे .32 चं रिव्हॉल्वर आहे, लायसन्स एकदम क्लिअर, रिन्युअल वेळेवर. ते म्हणतात मी रोज राउंडला येतो आणि कमरेला लावून येतो, चोराला नुसतं दिसलं तरी पुरे. निम्मी कमिटी खूश! पोरांनी तर सोसायटीच्या पैशातून टिळक रोडवरून सहा हॉकी स्टिक आणल्या, व्हाउचर माझ्या सहीचं आहे. एकाने घरातला नारळाचा कोयता काढला, तो मी परत ठेवायला लावला.

आता मला सांगा, लायसन्स असेल तर असं घेऊन फिरणं कायदेशीर आहे का? आणि उद्या भिंतीवरून कोणी उडी मारली आणि काकांनी गोळी झाडली तर सेल्फ डिफेन्स म्हणून सुटतात का, आणि सेक्रेटरी म्हणून माझी मान किती अडकते? काकांना नाही म्हणायचं तर काहीतरी ठोस पाहिजे, ते ऐकणारे नाहीत.

चहात_बुडालेलं_बिस्कीट

आधी काकांचा मोतीबिंदू झालाय का बघा. रात्री अडीच वाजता, ओढ्याकडची बाजू, 67 वय. बाकी कायदा नंतर.

कोर्टात_उभा

शिवाजीनगर कोर्टात फौजदारी प्रॅक्टिस करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिलं लायसन्सचं. लायसन्स हे माणसाला मिळतं, सोसायटीला नाही. काकांनी अर्जात जे कारण दिलं असेल, म्हणजे स्वतःच्या जीवाला धोका किंवा धंद्यातली रोकड, त्या कारणासाठी पोलीस आयुक्तांनी ते दिलंय. चौऱ्याऐंशी फ्लॅटचा पहारा हे ते कारण नव्हे. शिवाय 2016 चे शस्त्र नियम सरळ सांगतात की सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर होल्स्टरमध्ये आणि ताब्यात ठेवून न्यायची, ती मिरवणं किंवा कोणाला दाखवणं याला सक्त मनाई आहे. काकांचा प्लॅनच मुळात 'दिसलं तरी पुरे' असा आहे ना, मग तिथेच घोळ झाला. अटींचा भंग म्हणजे आर्म्स अ‍ॅक्टचं कलम 30, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्स सस्पेंड किंवा रद्द होतं ते कलम 17 खाली. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेफिकीरपणे गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, ते आणलं होतं लग्नातल्या हवेतल्या फायरिंगसाठी, पण लागू कोणालाही होतं. त्यामुळे 'हवेत एक टाकतो' हे पण डोक्यातून काढा, धायरीत हवेत म्हणजे समोरच्या टॉवरच्या सातव्या मजल्यावर.

आता सेल्फ डिफेन्स. 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, जुनी 96 ते 106 कलमं आता 34 ते 44 झालीत, गाभा तोच. तुम्हाला स्वतःच्याच काय, दुसऱ्याच्या जीवाचं रक्षण करायचाही हक्क आहे, हे लोक विसरतात. आणि मालमत्तेचं पण. पण मारून टाकण्यापर्यंत तो हक्क कधी जातो? जीवाच्या बाबतीत मृत्यू किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला अशा मोजक्या गोष्टी, कलम 38. मालमत्तेच्या बाबतीत कलम 41, म्हणजे जबरी चोरी, सूर्यास्तानंतर सूर्योदयाआधी घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा चोरी करताना अशी परिस्थिती की जीव जाईल असं वाटावं. भिंतीवरून उडी मारून पार्किंगमध्ये बुलेटचं लॉक हलवणारा पोरगा यात बसत नाही. त्याला अडवायला जेवढं लागेल तेवढंच. आणि तो पळत सुटला तर गाडी सोडवून घ्यायला मागे जाऊ शकता, पण पाठीत गोळी घालून त्याला मारलं तर ते खुनाच्या नाहीतर सदोष मनुष्यवधाच्या कलमातच जातं. हक्क वापरताना चांगल्या हेतूने मर्यादा ओलांडली गेली तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरतात, पण तीही शिक्षा काही थोडीथोडकी नाही.

कलम 37 सगळ्यात महत्त्वाचं: पोलिसांची मदत मागायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. आता विचार करा, सहा जण मोबाईल घेऊन फिरताय, 112 एका बटणावर आहे, कॅमेऱ्यात चोर दिसतोय, कोर्टात सरकारी वकील पहिला प्रश्न काय विचारेल?

सुप्रीम कोर्टाची भूमिका आरोपीला अगदीच प्रतिकूल नाही हे पण सांगतो. देव नारायण खटल्यापासून (1973) दर्शन सिंग खटल्यापर्यंत (2010) कोर्ट म्हणत आलंय की जीवावर बेतलेल्या माणसाने उचललेलं पाऊल सोन्याच्या तराजूत तोलू नका. पण ते जीवावर बेतलेल्याबद्दल आहे. शोधत निघालेल्याबद्दल नाही. आणि बचाव सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं, सरकार पक्षाइतकं कडक नाही, शक्यता दाखवली तरी चालते, तोपर्यंत मात्र जामिनाच्या तारखा.

तुमच्या मानेबद्दल: सहा जण ठरवून निघाले, हातात हॉकी स्टिक, चोराला तुडवला आणि तो मेला तर पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदा जमाव, कलम 189 आणि 190, ज्याने हात लावला नाही तोही त्यात येतो. व्हाउचरवर सही कोणाची आहे म्हणालात?

धायरीचा_सेक्रेटरी

अहो वकीलसाहेब, रात्रीची झोप उडवलीत. व्हाउचरमध्ये 'क्रीडा साहित्य' लिहिलंय, तेवढंच समाधान.

मुळशीचा_वाटसरू

सगळे घाबरवतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझं मुळशीकडे फार्महाऊस आहे, शेजारी घर नाही, पोलीस यायला पाऊण तास आरामात लागतो, तिथे माझ्याकडे बारा बोअरची बंदूक आहे आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. गुन्हेगाराकडे गावठी कट्टा असणार, कोयता असणार, आणि आम्ही शिट्टी वाजवायची? काकांनी लायसन्स कायद्याने घेतलंय, वर्षानुवर्षं सांभाळलंय, ते कपाटात ठेवायला घेतलं का? वकील लोक सगळं घडून गेल्यावर थंड डोक्याने कलमं लावतात.

कोर्टात_उभा

मुळशीकर, तुमच्या घरात रात्री दार तोडून कोणी आला तर कलम 41 तुमच्या बाजूने आहे, मी स्वतः केस घेईन. तुम्ही घरात आहात, तो आत आलाय, पोलीस पाऊण तास लांब. धायरीत काका घर सोडून खाली उतरतायत, सोबत पाच जण, चौकी तीन किलोमीटरवर. दोन्ही केस एकच आहेत असं तुम्हाला खरंच वाटतं?

मुळशीचा_वाटसरू

तेवढं मान्य. पण कपाटाचं बोललो ते मागे घेत नाही.

रिटायर्ड_हवालदार_तात्या

खात्यात 33 वर्षं काढली, त्यातली बरीच पुणे शहरात डीबीला, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या पथकात. लिहायची सवय नाही, मुलगा टाईप करून देतोय.

कोयता रस्त्यावर हातात दिसला की आम्ही आर्म्स अ‍ॅक्टचं 4 (25) लावतो, विदाऊट लायसन्स कट्टा सापडला तर 3 (25), त्याला आता कमीत कमी दोन वर्षं आहेत. त्यामुळे नारळाचा कोयता परत ठेवायला लावला ते शंभर टक्के बरोबर केलं. आणि काठीचं म्हणाल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम 37 चा मनाई आदेश आयुक्तालयाकडून अधूनमधून निघत असतो, सणासुदीला, मोर्चाच्या टायमाला, त्यात बंदूक, तलवार यांच्या बरोबरीने लाठी-काठी घेऊन फिरायलाही बंदी असते, लोकांना पत्ताच नसतो. तुमच्या हॉकी स्टिक त्या दिवशी बाहेर दिसल्या तर कागद तुमच्यावर होणार.

हत्यारवाल्या माणसाचा अनुभव सांगतो. लायसन्सवाल्यांनी धरलेले चोर मी फार पाहिले नाहीत, पण लायसन्सवाल्याचं हत्यार चोरीला गेलेलं पाहिलंय, आणि लोडेड हत्याराशी खेळताना घरातच गोळी सुटलेली पाहिलीय. झटापट झाली की हत्यार कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. आम्हाला सुद्धा दरवर्षी फायरिंगला नेतात तरी अंधारात, पळताना, धाप लागलेली असताना नेम बसत नाही. काकांनी शेवटची गोळी कधी झाडली विचारा. आणि एक पुंगळी जरी पडली तरी रिव्हॉल्वर जप्त, बॅलिस्टिकच्या तपासणीला जाणार, परत कधी मिळेल ते देव जाणे.

चोर पकडला तर काय करायचं हे कोणी विचारलंच नाही. पकडायचा अधिकार आहे तुम्हाला, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यासमोर होत असेल तर, बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 40. पण विनाकारण वेळ न लावता पोलिसांकडे द्यायचा, जास्तीत जास्त सहा तास. खांबाला बांधून व्हिडिओ काढायचा अधिकार कुठेच दिलेला नाही.

खरं काम सांगू का? ओढ्याकडच्या भिंतीवर काटेरी तार आणि दोन हॅलोजन, वॉचमन दोन शिफ्टचे, सुट्टीला गावी जाणाऱ्यांची यादी वॉचमनकडे, आणि बीट मार्शलचा, म्हणजे एरियात राउंड मारणाऱ्या पोलिसाचा, नंबर घेऊन त्याला महिन्यातून एकदा चहाला बोलवा. तो राउंडला तुमच्या गेटवर थांबायला लागला की निम्मं काम झालं. गस्त घाला, पण पोलीस ठाण्यात लेखी कळवून घाला, नावं द्या, पोलीस मित्र म्हणून नोंद करून घेतात.

रात्रीचा_रायडर

मी फूड डिलिव्हरी करतो, सिंहगड रोड, नऱ्हे, धायरी, आंबेगाव हाच एरिया. तुमचीच सोसायटी असेल असं नाही पण मागच्या महिन्यात रात्री सव्वा एकला एका सोसायटीच्या मागच्या गेटला गेलो कारण मॅपने तिकडे नेलं, गेट बंद, म्हणून गाडी लावून भिंतीकडून कुठे वाट आहे का बघत होतो तर चार-पाच जण टॉर्च मारत पळत आले, हातात दांडके, कोण रे तू, इथे काय करतोस, बॅग उघड, नाव सांग, गाव कुठलं. मी बीडचा, बोलण्यावरून कळतंच. एकाने गाडीची चावी काढून घेतली. दहा मिनिटं उभा केला, शेवटी ज्यांनी ऑर्डर दिली होती त्या ताई खाली आल्या म्हणून सुटलो. ऑर्डर बिर्याणीची होती, ती तोवर गार. त्यांनी तरी फाईव्ह स्टार दिले.

सांगायचं एवढंच की त्यातल्या एकाचाही मला मारायचा विचार नव्हता बहुतेक, ते पण घाबरलेलेच होते, एकाचा टॉर्च थरथरत होता. पण मी पळालो असतो तर? पळायचा विचार आला होता खरं, गाडी चालू करून निघावं असं वाटलं. त्या थरथरत्या हातात टॉर्चऐवजी काकांचं रिव्हॉल्वर असतं तर काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

धायरीचा_सेक्रेटरी

भाऊ, आमची नव्हती रे, पण असती तरी मला नवल वाटलं नसतं. सॉरी.

कोथरूड_ते_अटलांटा

मी मूळची कोथरूडची, गेली बारा वर्षं अटलांटाजवळ. रायडरदादाची पोस्ट वाचून लिहायला बसले. इथे अशी गस्त घालणाऱ्यांची चळवळ 1972 पासून आहे, नॅशनल शेरीफ्स असोसिएशनची, आणि जिथे दहातल्या चार घरांत बंदूक सापडेल त्या देशातसुद्धा त्यांच्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहिलंय की गस्तवाल्यांना पोलिसांचे अधिकार नाहीत, हत्यार बाळगायचं नाही, पाठलाग करायचा नाही, बघायचं आणि कळवायचं.

ते पाळलं नाही की काय होतं ते फ्लोरिडातल्या सॅनफर्डला दिसलं. 26 फेब्रुवारी 2012, कॉलनीच्या गस्तीचा प्रमुख जॉर्ज झिमरमन, कमरेला लायसन्सवालं पिस्तूल. 17 वर्षांचा ट्रेव्हॉन मार्टिन दुकानातून गोळ्या आणि सरबत घेऊन परत येत होता. झिमरमनने आधी पोलिसांना फोन केला होता, आणि फोनवरच्या माणसाने मागे जायची गरज नाही असं सांगितलं होतं. पुढे झटापट झाली, गोळी सुटली, पोरगा गेला. जुलै 2013 मध्ये ज्युरीने झिमरमनला निर्दोष सोडलं. फ्लोरिडाचा 2005 चा कायदा म्हणतो की तुम्ही जिथे कायदेशीर उभे आहात तिथून मागे हटायची सक्ती नाही, ज्युरीला सूचना देताना तोही मुद्दा सांगितला होता.

आणि आमच्याच जॉर्जियात 2020 च्या फेब्रुवारीत अहमॉड आर्बरी नावाचा 25 वर्षांचा मुलगा ब्रन्सविकजवळ धावायला निघालेला, तिघांनी चोर समजून गाड्या मागे लावल्या आणि मारला. तिथे तिघांनी सांगितलं की आम्ही नागरिक म्हणून अटक करत होतो, 1863 सालच्या जुन्या कायद्याचा आधार घेतला, पण नोव्हेंबर 2021 मध्ये तिघेही दोषी ठरले आणि तो कायदाही त्याच वर्षी राज्याने काढून टाकला. दोन्ही ठिकाणी सुरुवात एकाच वाक्याने झाली, हा इथला दिसत नाही.

हे सांगितलं की आई फोनवर म्हणते तुमच्या अमेरिकेत काहीही होतं गं. म्हणून तिला मी पालघरची आठवण करून दिली.

चहात_बुडालेलं_बिस्कीट

आता जोक नाही करत. ताई बरोबर बोलल्या. 16 एप्रिल 2020, पालघरमधलं गडचिंचले, लॉकडाऊन, गावोगाव चोर आणि मुलं पळवणारे आल्याची अफवा, लोक रात्री जागत होते, गाडी अडवली, जमावाने दोन साधू आणि ड्रायव्हरला ठार मारलं. पोलीस आले होते तरी. त्याच्या आधी 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षेकरी जमावाने मारले, भर दिवसा, आठवडी बाजारात, तीच व्हॉट्सअ‍ॅपची अफवा. बंदूक दोन्हीकडे कोणाकडे नव्हती.

माझं आजोळ जुन्नरकडे. 2024 च्या पावसाळ्यात तिकडे आंबेगाव, शिरूर, जुन्नर सगळीकडे रात्री ड्रोन फिरतायत म्हणून बोंब होती, ड्रोनवरून टेहळणी करून चोर येणार म्हणे, मामा आणि सगळी आळी काठ्या घेऊन चौकात बसायची. बिबट्याला जे लोक घाबरत नाहीत ते लाल दिवा बघून दारं लावत होते! मामा सांगतो की त्या दिवसांत अनोळखी गाडी गावात शिरली की पोटात गोळा यायचा, चोर असेल म्हणून नाही, आपली पोरं काय करतील म्हणून.

मुळशीचा_वाटसरू

पालघरचं उदाहरण बंदुकीला कसं लागू? तिथे दगड-काठ्या होत्या. मग मुद्दा गर्दीचा आहे, हत्याराचा नाही.

कोर्टात_उभा

मान्य, अर्धा. म्हणूनच मी हॉकी स्टिकबद्दलही बोललो. गर्दी थांबवायला कोणीतरी मध्ये पडू शकतो, ओरडू शकतो, हात धरू शकतो. ट्रिगर ओढल्यावर मध्ये पडायला जागा राहत नाही.

आणि पुण्यातलंच उलटं उदाहरण देतो. जून 2023, सदाशिव पेठ, भर सकाळी एका मुलीवर कोयता घेऊन एक जण धावला. तिला वाचवलं ते स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनी, रिकाम्या हातांनी कोयता धरला. दुसऱ्याच्या जीवाचा बचाव म्हणजे हेच. त्या पोरांनी जाग्यावर काहीही उचलून हल्लेखोराला हाणलं असतं तरी कायदा त्यांच्या बाजूने होता, कारण जीव तिथे, त्या क्षणी जात होता.

नव्या_पेठेची_मावशी

एक भाबडा प्रश्न. मग त्या काकांना घरात ठेवून काय उपयोग, म्हणजे रिव्हॉल्वरला. आणि पेपर स्प्रे चालतो का? माझी भाची हिंजवडीला रात्रपाळी करते.

रिटायर्ड_हवालदार_तात्या

पेपर स्प्रेला लायसन्स लागत नाही ताई, खुशाल द्या भाचीला. फक्त एकदा उघड्यावर मारून बघायला सांगा, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज येतो. आमच्या एका पोरीने स्वतःच्याच डोळ्यात मारून घेतला होता.

काकांचं रिव्हॉल्वर घरात लॉकरमध्ये, काडतुसं वेगळी. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते, त्यांना सवय असेल.

धायरीचा_सेक्रेटरी

अपडेट. रविवारी मीटिंग झाली. वकीलसाहेबांची पोस्ट प्रिंट काढून नेली होती, काकांनी पूर्ण वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले म्हणजे मी आता फक्त टॉर्च धरायचा का. कोणी काही बोललं नाही. मग रायडरची पोस्ट मी मोठ्याने वाचली. त्यावर काका एवढंच म्हणाले की माझा पण हात थरथरतो हल्ली, आणि उठून गेले. रात्री ग्रुप सोडला, सकाळी परत अ‍ॅड करा म्हणून मेसेज आला आणि लगेच गुलाबाचं फूल, सुप्रभात.

ठरलं असं: गस्त चालू, चौघांची, शिट्टी आणि टॉर्च, बाहेर कोणी दिसला तर आधी 'कोणाकडे आलात' असं विचारायचं, चावीला हात लावायचा नाही. पोलीस ठाण्यात पत्र दिलं, पोहोच घेतली. भिंत दोन फूट वाढवायला 1 लाख 40 हजारांचं कोटेशन आलंय, त्यावर मात्र दोन तास भांडण झालं, चोरांवर एवढं झालं नव्हतं. काका राउंडला नाही, पण रात्री अकराला वॉचमनला चहा नेऊन देतात आणि तिथेच बसतात एक-दीडपर्यंत, वॉचमन आता झोपत नाही, काकांच्या गोष्टी ऐकून झोपेल कसा.

हॉकी स्टिक दुकानदार परत घ्यायला तयार नाही. ए विंगच्या पोरींनी मागितल्यात, त्यांना बॉल पाहिजे म्हणे, त्याचं व्हाउचर करू का?